मेश्राम मॅडमची गवताची घरं

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मेश्राम मॅडमवर लिहा असं केदारने मला सांगितलं, तेव्हा त्याने दोन सूचना केल्या. पानभर पुरे, आणि "काका, जरा पॉझिटिव्ह ठेवा." केदार मंडळाचा सेक्रेटरी. भला मुलगा आहे, कामसू आहे. माझा मसुदा वाचून त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला आणि मधला भाग गाळता येईल का, असं फार नम्रपणे विचारलं. मी म्हटलं, "तो गाळायचा असेल तर लेखच गाळ. मला राग येणार नाही." दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, "छापू या." तेव्हा आता वाचकांनी पानभराची अपेक्षा ठेवू नये.

शालिनी मेश्राम मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे टेक्सासमध्ये, अर्विंगला आल्या, इथे पुन्हा परीक्षा दिल्या आणि एका सरकारी शाळेत सातवीला टेक्सासचा इतिहास शिकवू लागल्या. भारतातून आलेली बाई टेक्सासच्या मुलांना टेक्सास शिकवते याचं सगळ्यांना नवल वाटे. त्यांना वाटत नसे. "नागपूरला भोसल्यांचा इतिहास आम्हाला केरळच्या मास्तरांनी शिकवला. चांगला शिकवला," असं त्या म्हणत.

उंच, सावळ्या, केस अगदी आखूड. साडीखाली पळायचे बूट. गाडी इतकी हळू चालवत की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत आणि शेवटी बाजूने निघून जात. कोणाच्याही घरी गेल्या तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास भरून घेत, मग बैठकीत येऊन बसत. पुष्कळ दिवस मला तो मोकळेपणा वाटला. ग्लास हातात देताना कोण कसं पाहतं हे त्या लहानपणापासून पाहत आल्या असतील, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शनिवारी सकाळी त्यांच्या घरी आपल्या मुलांचा वर्ग भरे. फी नसे. माझी नात ईरा जात असे. तिला आणायला गेलो की मी दाराशी उभा राहून थोडं ऐकत असे. मुलाने इंग्रजीत वाचावं, "पश्चिमेकडची जमीन वसाहतीसाठी खुली करण्यात आली," आणि मॅडमनी शांतपणे विचारावं, "कोणी केली?" मुलगा पुस्तकात पाही. पुस्तकात नसे. "मग आधी कोणी बंद केली होती?" तेही नसे. मग त्या सांगायला लागत. एकोणिसाव्या शतकात हा देश पूर्वेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत कसा वाढत गेला, कुठला तुकडा विकत घेतला, कुठला मेक्सिकोशी लढून घेतला, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांशी केलेले करार कसे एकामागून एक मोडले. आवाज कधी चढत नसे. चढवायची गरज नसे.

एका शनिवारी त्यांनी डबलबेडची चादर जमिनीवर अंथरली आणि निम्म्या मुलांना तीवर उभं केलं. उरलेली निम्मी चादरीबाहेर. बाहेरच्यांनी यायचं, हात मिळवायचे, करार झाला म्हणायचं, आणि मॅडम चादरीची एक घडी घालणार. प्रत्येक घडीला त्या इंग्रजीत म्हणत, "ही शेवटची. मी वचन देते." मुलं खिदळत एकमेकांना धरून उभी राहत. मग आणखी घडी. मी पोचलो तेव्हा ईरा आणि दोन मुलगे उशीएवढ्या चादरीवर एका पायावर होते आणि कोणी हसत नव्हतं. गाडीत ईरा म्हणाली, "आजोबा, शी प्रॉमिस्ड एव्हरी टाइम."

"अगं, खेळ होता तो."

"आय नो. बट शी प्रॉमिस्ड."

आम्ही नवं घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीला मॅडम आल्या. पूजेच्या वेळी नाही, जेवायच्या वेळी. तसं त्यांनी आधीच कळवलं होतं. मी तेव्हा मोठ्या उत्साहात होतो. या राज्यात जमिनीची मालकी किती चोख तपासतात, हे मी त्यांना सांगत होतो. कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी थेट मागे नेतात, वगैरे.

"म्हणजे आपला सातबाराच," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वरच्या ओळीत कोण आहे?"

"टेक्सासचं सरकार."

"त्याच्या वर?"

"त्याच्या वर काही नाही."

"काही नाही कसं, देवधर भाऊ? कागद नाही. माणसं तर होती."

माझी बायको सुधा पुरणपोळी वाढत होती, ती थबकली. तिचा चेहरा पाहून मॅडम हसल्या. "तुमचं घर छान आहे, वहिनी. माझंही घर अशाच जमिनीवर आहे, माझ्याही कागदावर वर तेवढंच आहे. मी कुठे घर सोडून राहिली? फक्त माहीत असलं पाहिजे. आणि तूप वाढा थोडं."

हे सगळं आवडीने आठवतं. आता जे आवडीने आठवत नाही ते.

मंडळाला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी मी अध्यक्ष होतो. गणपतीपुढे यंदा हलता देखावा करायचा, अगदी पुण्यासारखा, असं ठरलं. विषय माझाच: 'पश्चिमेकडे'. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लोक घोड्याबैलांच्या छकड्यांतून माळरान तुडवत इथे आले, आणि आपण विमानातून. ते पहिले, आपण नंतरचे. शहराच्या महापौर बाईंना बोलवायचं होतं. त्यांना हे आवडेल असा माझा हिशोब होता. इतिहास बरोबर असावा म्हणून मी मेश्राम मॅडमना फोन केला.

"आरतीला मी येणार नाही, तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही बौद्ध. पण इतिहास चुकीचा लावून राहिले असाल, तर त्याला नक्की येईन."

आल्या. माझ्या गॅरेजमध्ये उन्हाळाभर काम चाललं. आम्ही सगळे इंजिनियर. छकड्यांची रांग ओढायला गॅरेजचं दार उघडण्याची जुनी मोटर साखळीसकट लावली होती. मॅडम पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून आमचं हिरवं माळरान पाहत राहिल्या. "या गाड्या चालल्या त्या कोणाच्या अंगणातून?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी घरं करायला घेतली. या भागातल्या नद्यांच्या काठी जे लोक शेती करून राहत, त्यांची घरं गवताची असत. उंच, गोल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. मॅडमची एक मैत्रीण होती, रूथ नावाची. ओक्लाहोमात राहणारी, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, विचिटा जमातीची. तिचे पूर्वज याच बाजूला राहत होते आणि एकोणिसाव्या शतकात त्यांना इथून उत्तरेला, रेड नदीपलीकडे हाकललं गेलं. गवत एकावर एक कसं बसवायचं ते रूथ फोटो पाठवून सांगे. आता तसं गवत आणायचं कुठून? मॅडमनी भारतीय किराणा दुकानातून फूलझाडू आणले, सोडले आणि त्यांच्या काड्यांनी घरं शाकारली. मी आयुष्यात इतकी सुबक हातकामं थोडी पाहिली आहेत. प्रत्येक घराखाली फळीत खाच आणि खालून दोरी. छकडा जवळ आला की घर हळूहळू जमिनीत जायचं. दोरीची ती युक्ती मी केली होती, आणि मला तिचा अभिमान होता.

स्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये चाचणी झाली. कमिटीतले सगळे होते. मोटर सुरू झाली, छकडे निघाले, एकेक घर खाली गेलं, आणि शेवटी माळ मोकळा झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"देवधर, गणपतीसमोर घरं पडताना दाखवायची?" एक जण म्हणाला. "अशुभ दिसतं हो."

"लोक पोराबाळांना घेऊन येणार," दुसरा म्हणाला. "आणि महापौर बाईंना काय वाटेल?"

तिसऱ्याने एका घराला बोट लावलं. "हे झाडू आहेत का? देवापुढे झाडू?"

मॅडम दोरी गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिवाळीत लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहता ना तुम्ही? ती काय प्लास्टिकची असते?"

एक-दोघं हसले. बोट लावणारा हसला नाही. त्याने आधी झाडूकडे पाहिलं आणि मग मॅडमकडे पाहिलं. मी पुण्यात वाढलेला माणूस आहे. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हटलं, "बघू, काहीतरी करू."

मॅडम शाळेतल्या पालकसभेला जायचं म्हणून निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "उद्या रूथ येऊन राहिली. आरती झाल्यावर मी तिला घेऊन येईन. तीन तास गाडी चालवत येणार आहे म्हातारी, तिला खुर्ची ठेवा."

त्या गेल्यावर मी घरं काढली. दुसऱ्या कोणी नाही, मी. दोऱ्या कापल्या, खाचांवर हिरवा कागद चिकटवला, घरं एका खोक्यात भरून मागच्या खोलीत ठेवली. मॅडमनी लिहून दिलेलं निवेदन बाजूला ठेवलं आणि माझ्या आवाजात नवं रेकॉर्ड केलं. त्यात 'रिकामं माळरान' असे शब्द होते. मॅडमना फोन केला नाही. सकाळी करू म्हटलं, सकाळी गडबड होती.

आरती झाली. महापौर बाईंनी मोदक खाऊन फोटो काढले. त्या निघाल्यावर थोड्या वेळाने मॅडम आल्या, बरोबर रूथ. पांढऱ्या केसांची, काठी घेतलेली, निळ्या मण्यांची माळ घातलेली. खुर्ची ठेवलेली होती, तेवढं मी केलं होतं. मोटर सुरू झाली. छकडे हिरव्या कागदावरून पलीकडे गेले. माझा आवाज म्हणाला, रिकामं माळरान. रूथला मराठी कळत नव्हतं, पण पाहण्यात मराठी-इंग्रजी नसतं. छकडे परत सुरुवातीला आले आणि पुन्हा निघाले. ती दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत पाहत राहिली, बहुतेक आपलं काही नजरेतून सुटलं असेल म्हणून.

मॅडम तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. रूथने मान हलवली, त्यांच्या हातावर हात ठेवला. मग मॅडम माझ्याकडे आल्या.

"घरं कुठे आहेत?"

"मागच्या खोलीत. मॅडम, कमिटीचं असं म्हणणं पडलं…"

"कमिटीचं नाही विचारलं. घरं द्या."

मी खोकं आणून दिलं. त्या ते उचलून, रूथच्या चालीने चालत, हॉलभर लोकांमधून बाहेर गेल्या. एक शब्द मोठ्याने बोलल्या नाहीत.

लोक विचारू लागले, काय झालं. कार्यक्रम पुढे न्यायचा होता, माझ्या हातात माइक होता. मी म्हणालो, "मेश्राम मॅडमना त्यांच्या काही धार्मिक भावनांमुळे आपल्या उत्सवात थांबणं शक्य नाही. आपण त्यांच्या भावनांचा आदर करू या." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे खोटं होतं. त्या एका वाक्यात मी माझं काम त्यांच्या धर्मावर ढकललं, आणि ते इतकं सहज खपलं याचं कारण ऐकणाऱ्यांना ते आधीच पटलेलं होतं. पुढे वर्षानुवर्षं हीच गोष्ट चालली. जे तेव्हा अमेरिकेत आलेसुद्धा नव्हते ते मला सांगत, "मेश्राम मॅडम ना? त्यांना गणपती चालत नाही, एकदा भर उत्सवातून उठून गेल्या." कोणी म्हणे, मूर्तीबद्दल काहीतरी बोलल्या. मी ऐकून घेत असे. संक्रांत, दिवाळी, सहल, कुठेच त्यांना बोलावणं जात नसे. शनिवारचा वर्ग मात्र चालू होता, कारण सातवीची परीक्षा सगळ्यांच्या मुलांना होती. आईबाप मुलांना दाराशी सोडत, गाडीतूनच हात करत आणि निघून जात. मॅडम दारात उभ्या राहून हात करत. ईराला पाठवताना मीही तेच केलं.

त्यांनी कधी खुलासा केला नाही. लोकांना वाटलं, करण्यासारखा नसेल.

पुढे त्यांचे यजमान गेले, त्या निवृत्त झाल्या. मीही सत्तरी ओलांडली. एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्या अंगणात पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होत्या. मी उभ्या उभ्याच जे बोलायचं ते बोललो. बरंच पाठ करून गेलो होतो. त्यांनी पाइप बंद केला नाही, पण ऐकलं सगळं.

"हे मला सांगून काय फायदा, देवधर भाऊ?" त्या म्हणाल्या. "मला माहीतच आहे काय झालं ते. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा."

"मी माफी मागायला आलो होतो."

"ती ठेवा तुमच्याजवळ. तुम्ही माइकवर बोलले होते. माइकवर दुरुस्त करा." मग वाफ्याकडे वळून, "बूट ओले होऊन राहिले तुमचे. तिकडे उभे राहा."

तरी मला आणखी दोन गणपती लागले. सुधा म्हणायची, "आता जुनं कशाला उकरता? त्यांनाही त्रास, तुम्हालाही." मी तेच स्वतःला सांगत होतो. शेवटी एका वर्षी मी केदारला सांगितलं, आरतीनंतर मला पाच मिनिटं माइक हवाय. ज्येष्ठांचे आशीर्वाद असतील असं समजून त्याने लगेच हो म्हटलं. सुधाने त्या दिवशी मला न सांगता एक गोष्ट केली. मॅडमना फोन करून आरती किती वाजता संपेल ते कळवलं.

आरती झाली. कोणाची तरी गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे लावलेली होती, तिचा नंबर सांगून झाला. एका मुलाची पाण्याची बाटली सापडली होती. मग मी उभा राहिलो. निम्मा हॉल जेवणाच्या रांगेत होता. मी सुरुवात केली तेव्हा प्लेट वाजत होत्या. पंचविसाव्या वर्षी मेश्राम मॅडमनी गणपतीचा अपमान केला नाही, असं मी म्हणालो तेव्हा रांग थोडी शांत झाली. घरं मी काढली, त्यांना न विचारता काढली, आणि मग याच माइकवर त्यांच्या धर्माचं नाव पुढे केलं. त्यांना थांबणं शक्य नव्हतं असं नाही. मी त्यांना थांबण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. "ती कॅडो लोकांची घरं होती," मी सांगत होतो, "आणि त्या घरांतली एक बाई तीन तास गाडी चालवून…"

"विचिटा," मागून आवाज आला.

सगळे वळले. काचेच्या दाराशी मॅडम उभ्या होत्या, साडी, पळायचे बूट, केस आता पूर्ण पांढरे. "रूथ विचिटा आहे, देवधर भाऊ. कॅडो वेगळे. तेही इथलेच, पण वेगळे. माइकवर सांगून राहिले तर नीट सांगा."

मी माइकमध्ये म्हणालो, "विचिटा लोकांची घरं होती."

"हां," त्या म्हणाल्या. "आता पुढे."

पुढचं मी सांगितलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत आणि ते बरं झालं. रांगेतली एक तरुण मुलगी, जिला मी ओळखत नव्हतो, आपली प्लेट खाली ठेवून त्यांच्याकडे गेली आणि काहीतरी विचारू लागली. मग आणखी एक. देखाव्यात झाडूला बोट लावणारा गृहस्थ तिथेच होता. तो उठून हात धुवायला गेला. सगळं काही सुधारलं असं मी लिहिणार नाही. त्या दिवशी हॉलमध्ये होते त्यांतल्याही अनेकांनी ऐकलं नाही, आणि पुष्कळ जण तर आलेच नव्हते. म्हणून हे इथे छापून यायला हवं होतं.

मॅडम पुढच्याच महिन्यात पूर्वेच्या किनाऱ्याकडे, मुलीकडे पार्सिपनीला राहायला गेल्या आणि या हिवाळ्यात तिथेच वारल्या. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. सुधाने वाढून दिलेल्या वरणभाताची प्लेट त्यांनी संपवली, तिच्याशी दोन शब्द बोलल्या, माझ्याशी नाही, आणि बाहेर गेल्या. मी खुर्च्या उचलत होतो. काचेपलीकडे त्या गाडीजवळ उन्हात उभ्या होत्या आणि फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या. आवाज आत येत नव्हता. बोलता बोलता त्यांनी मोकळा हात वर नेला आणि हवेत एक मोठा, गोल आकार वरून खालपर्यंत सावकाश उतरवला, गवताचं छप्पर बसवावं तसा. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्यांनी मान हलवली आणि तोच आकार पुन्हा काढला.